मराठी माध्यमातून आलात? इंग्रजी असाइनमेंट अशी लिहा

बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं एम.ए.ला येतात आणि पहिलीच असाइनमेंट इंग्रजीतून द्यायची असते. मनात एक लांबलचक मराठी वाक्य जुळवायचं, ते शब्दाला शब्द लावून इंग्रजीत उतरवायचं आणि मध्येच अडकायचं, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. खरी अडचण बहुतेक वेळा स्पेलिंगची नसते. काय म्हणायचंय ते ठरायच्या आधीच लिहायला घेतलेलं असतं.

म्हणून आधी मराठीत लिहा, पण एकच ओळ. समजा, विषय लातूरचा दुष्काळ. शाळेच्या सवयीने सुरुवात होते, ‘वॉटर इज लाइफ’. ते खोडा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचं पाणी न्यावं लागलं. त्यावरून तुम्हाला काय दाखवायचंय? ‘हे संकट फक्त कमी पावसाचं नव्हतं’, ही झाली तुमची ओळ. इंग्रजी परिच्छेदात ती सगळ्यात आधी येते. आपण पार्श्वभूमी सांगत सांगत मुद्द्यावर येतो, तपासणारा मात्र तो पहिल्या ओळीतच शोधतो. मग पुरावा द्या: पावसाचे आकडे, उसाचं क्षेत्र, भूजल. आणि त्या पुराव्यातून मुद्दा कसा सिद्ध होतो तेही लिहा. नेमकं हेच मुलं गाळतात.

आता वाक्यं. ‘ज्या शेतकऱ्यांकडे विहिरी नव्हत्या, ते टँकरची वाट बघत होते’ याचं होतं, ‘व्हिच फार्मर्स डिड नॉट हॅव वेल, दे वेटिंग फॉर टँकर’. जो-तोची जोडी सोडा, कर्त्यामागोमाग क्रियापद येऊ द्या: ‘फार्मर्स विदाउट वेल्स वेटेड फॉर टँकर्स’.

मराठीत ‘द’ नाहीच, त्यामुळे तो सुटणारच. त्यासाठी एक वेगळं वाचन ठेवा. मोजता येणाऱ्या प्रत्येक एकवचनी सामान्यनामावर बोट ठेवून बघा, आधी ‘अ’, ‘अॅन’, ‘द’, ‘धिस’ असं काही आहे ना? ‘डिस्कस’पुढचा ‘अबाउट’ही तेव्हाच काढा.

इंग्रजी चुकेल या भीतीने पुस्तकातला मजकूर उतरवू नका. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधात 10 ते 40 टक्के साम्य निघालं तर तो सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. 60 टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. उतारा वाचा, पुस्तक मिटा, मैत्रिणीला मराठीत समजावून सांगा आणि जे सांगितलंत ते इंग्रजीत लिहा. नंतर पुस्तक उघडून ताडून बघा. शब्द तुमचे असले तरी विचार ज्याचा, त्याचा संदर्भ द्यायचाच.

पहिला परिच्छेद झाला की तेवढाच मॅडमना किंवा सरांना दाखवा. वीस पानं होईपर्यंत थांबू नका.