घर गरम ठेवणाऱ्या यंत्रणेचे युज केस लिहिण्याआधी: तयारीची यादी

ही यादी ब्रिटनमधल्या घरांचं हीटिंग चालवणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी. युज केस म्हणजे कुणाला यंत्रणेकडून काय हवं आणि ते पायरी-पायरीने कसं होतं याचं लेखी वर्णन. पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. कुठल्या घरासाठी लिहितोय ते ठरवा आणि त्या घराच्या नळ्या एका पानावर काढा. आपल्याकडे तापवणं म्हणजे गिझर किंवा जुन्या घरातला बंब: पाणी तापलं, अंघोळ झाली, विषय संपला. ब्रिटनमधल्या घरात पाणी नुसतं हमाल असतं. तापवायची असते खोली, आणि ती दिवसरात्र थंड होत असते. पुण्यात बसून हे काम करणाऱ्यांचे पहिले मसुदे याच जागी फसतात. त्यांत ‘बटण दाबलं, हीटिंग सुरू झालं’ एवढंच असतं.

उदाहरणाला दुमजली घर घेऊ: गॅस बॉयलर, वर-खाली दोन झोन (वेगवेगळे तापवता येणारे भाग), रेडिएटर (आतून गरम पाणी फिरवून खोली तापवणारे पत्रे) आणि गरम पाण्याची टाकी. चित्रात बॉयलर, पंप, दोन झोनचे आणि टाकीचा असे तीन मोटरवाले व्हॉल्व्ह, एक्स्पान्शन टाकी (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणारी), सेफ्टी व्हॉल्व्ह, दोन थर्मोस्टॅट आणि टाकीचा सेन्सर एवढं दिसलं पाहिजे. दाबाचे आकडेही तिथेच लिहा: यंत्रणा थंड असताना १ ते १.५ बार, सेफ्टी व्हॉल्व्ह ३ बारला उघडतो. चित्राचा फायदा क्रम ठरवताना होतो. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी व्हॉल्व्ह उघडतो, पूर्ण उघडल्यावर त्यातला एंड स्विच लागतो आणि मग पंप व बॉयलर चालू होतात. उलट क्रम लिहिलात तर पाण्याला जायला वाट नाही आणि बॉयलर अतितापून बंद पडणार.

मग उष्णता कुठून किती गळते याचा हिशेब. बाहेर उणे २, आत २१ अंश सेल्सिअस, म्हणजे फरक २३ चा. एखाद्या खोलीची बाहेरची भिंत ३० चौरस मीटर आणि तिची यू-व्हॅल्यू (एका चौरस मीटरमधून दर अंश फरकाला गळणारे वॅट) ०.३ असेल तर गळती सुमारे २०७ वॅट. त्याच खोलीच्या ६ चौरस मीटर खिडक्या, यू-व्हॅल्यू १.४, गळती १९३ वॅट. म्हणजे एवढीशी काच अख्ख्या भिंतीच्या बरोबरीला येते. खोलीचं आकारमान ५० घनमीटर असेल आणि तासाला एकदा हवा पूर्ण बदलत असेल तर आणखी ०.३३ × ५० × २३, म्हणजे जवळपास ३८० वॅट (०.३३ म्हणजे एक घनमीटर हवा एक अंश तापवायला लागणारे वॅट-तास). छत आणि जमीन अजून धरलेलीच नाही. हे आकडे हातात नसताना ‘घर लवकर गरम व्हावं’ हे वाक्य रिक्वायरमेंटमध्ये (यंत्रणेने काय करायला हवं याच्या लेखी अटींत) घालू नका. किती अंशांपासून किती अंशांपर्यंत, किती मिनिटांत, बाहेर किती थंडी असताना, हे चारही आकडे लागतात.

इथेच दोन रिक्वायरमेंट एकमेकींच्या अंगावर येतात. कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरतो. त्याची बचत रेडिएटरमधून परतीचं पाणी सुमारे ५५ अंशांच्या खाली असतानाच हाती लागते. रेडिएटरची क्षमता मात्र पाण्याचं सरासरी तापमान खोलीपेक्षा ५० अंश जास्त धरून छापलेली असते, आणि हा फरक ३० वर आणला की ती जवळपास निम्मी होते. ‘गॅस वाचवा’ आणि ‘अर्ध्या तासात गरम करा’ या दोन्हींवर ग्राहकाची सही आधीच घेतलेली असेल, तर नंतरचा वाद अटळ. कुठली कधी वरचढ हे लेखी ठरवून घ्या.

पुढे यंत्रणेची हद्द. ज्योत पेटवणं, ज्योत विझली तर गॅस तोडणं, लॉकआउटमध्ये जाणं (बिघाडानंतर रीसेट करेपर्यंत बंद राहणं) ही कामं बॉयलरमधल्या प्रमाणित बर्नर कंट्रोलची. आपलं सॉफ्टवेअर फक्त उष्णता मागतं. लॉकआउट ॲपमधून आपोआप रीसेट करण्याची मागणी आली तर ती हद्दीबाहेर ठेवा. ज्योत का विझली हे कुणीतरी समोर जाऊन पाहायलाच हवं.

आता ॲक्टर. स्वीडिश संगणकतज्ज्ञ इव्हार जेकबसन यांनी १९८७ मध्ये युज केसची कल्पना मांडली, तेव्हापासून ॲक्टर म्हणजे यंत्रणेबाहेरचं, तिच्याशी देवाणघेवाण करणारं कुणीही. युज केसच्या आकृतीत त्याच्यासाठी काठीच्या माणसाचं चित्र काढतात म्हणून तो माणूसच असतो असं नाही. रहिवासी, बसवणारा तंत्रज्ञ आणि सर्व्हिसवाला हे झालेच. पण इथला सर्वांत कामसू ॲक्टर घड्याळ आहे. माणूस आठवड्यातून एखाद्‌ दोनदा थर्मोस्टॅटला हात लावेल, घड्याळ रोज लावतं.

एक युज केस शेवटपर्यंत लिहून पाहा: ‘सकाळी ७ ला खालचा मजला २१ अंश असावा’. आधी काय असायला हवं: वीज आहे, बॉयलर लॉकआउटमध्ये नाही, सेन्सरचं वाचन शक्यतेच्या मर्यादेत आहे. मुख्य प्रवाह (सगळं सुरळीत झालं तर घडणाऱ्या पायऱ्या): घड्याळाच्या इशाऱ्यावर यंत्रणा आतलं-बाहेरचं तापमान बघून सुरू करण्याची वेळ काढते, व्हॉल्व्ह उघडतो, बॉयलर चालतो, खोली २१ ला पोचते, बॉयलर थांबतो, पंप पुढची काही मिनिटं चालून साठलेली उष्णता वाहून नेतो. पर्यायी प्रवाह (काही वेगळं घडलं तरच्या पायऱ्या) मुख्य प्रवाहाच्या तिप्पट होतात, आणि व्हायलाच हवेत. रहिवाशाने रात्री ‘बंद’ केलं असेल तर? बंद म्हणजे फक्त आरामासाठीची ऊब बंद. नळ्या गोठू नयेत म्हणून ५ अंशांचं संरक्षण चालूच राहतं. त्याच वेळी टाकीलाही उष्णता हवी असेल तर आधी कुणाला? टाकीला ६० अंशांपर्यंत जावंच लागतं, कारण न्यूमोनिया घडवणारे लिजिओनेला जिवाणू २० ते ४५ अंशांत फोफावतात.

सेन्सरची तार तुटणं वेगळं लिहा. नेहमीचा एनटीसी सेन्सर २५ अंशांला १० हजार ओहम दाखवतो आणि थंडी वाढली की त्याचा रोध वाढतो. तार तुटली की रोध अनंत होतो. सॉफ्टवेअरला वाटतं घरात भयंकर गारठा आहे, आणि बॉयलर थांबायचं नाव घेत नाही.

भारतीय टीमचा हमखास चुकणारा मुद्दा म्हणजे घड्याळ मागेपुढे करणं. आपण ते करत नाही, म्हणून सुचतही नाही. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे १ चे २ वाजतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी २ चे १. दीडला लावलेलं काम मार्चमध्ये येतच नाही, ऑक्टोबरमध्ये दोनदा येतं. दोन्ही दिवशी काय करायचं, एकेका वाक्यात लिहा. वाय-फाय गेलं तर वेळापत्रक भिंतीवरच्या यंत्रातच चाललं पाहिजे, वीज परतल्यावर सेटिंग तीच राहिली पाहिजेत. यावर जास्त बोलायला नको.

रिक्वायरमेंटची वाक्यं ‘जेव्हा अमुक होईल, तेव्हा यंत्रणेने तमुक करावं’ या साच्यात ठेवा आणि एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. ‘खोली २०.५ अंशांच्या खाली गेल्यावर यंत्रणेने उष्णता मागावी.’ ‘खोली २१ ला पोचल्यावर मागणी थांबवावी.’ मधलं हे अर्ध्या अंशाचं अंतर सोडलं नाही तर बॉयलर दर मिनिटाला चालू-बंद होतो, गॅस खातो आणि लवकर झिजतो. शिवाय एकदा थांबल्यावर पुन्हा सुरू होण्याआधीचा किमान अवकाश लिहा, उदाहरणार्थ ५ मिनिटं. ‘साधारण’, ‘योग्य’, ‘पुरेसं’ हे शब्द दिसले की खोडा.

प्रत्येक वाक्यासमोर ते कसं तपासणार हेही लिहून ठेवा. पुण्यात उणे २ अंश कुठून आणणार? सेन्सरच्या जागी बदलता येणारा रोध जोडायचा. ५ अंशांसाठी सुमारे २५ हजार ओहम, नेमका आकडा सेन्सरच्या तक्त्यातून. मग तार तुटल्यासारखं एक टोक सोडून द्यायचं आणि बॉयलरची मागणी किती सेकंदांत थांबते ते मोजायचं.