मोठ्या दुरुस्तीनंतर इंजिनाचा आवाज बदलला, तर त्याचे मूळ कसे शोधावे

इंजिन उघडून पुन्हा बांधलेली गाडी ताब्यात येते आणि पहिल्याच फेरीत पूर्वी कधी नसलेला आवाज कानावर पडतो, तेव्हा इंजिन कामातून गेले अशीच शंका आधी येते. प्रत्यक्षात अशा आवाजाचे मूळ बऱ्याचदा ज्या भागाला हात लागला त्याच्याच आसपास असते: ढिला राहिलेला बोल्ट, नीट न बसलेला पाइप, जास्त ताणलेला पट्टा. तपास तिथूनच सुरू करावा. पण त्याआधी इंजिन चालू ठेवायचे की नाही, हे ठरवणे भाग आहे.

इंजिन सुरू झाल्यावरही ऑइल प्रेशरचा दिवा विझत नसेल, किंवा इंजिनाच्या तळाकडून जड ठोके ऐकू येत असतील आणि रेस देताच ते वाढत असतील, तर इंजिन तत्काळ बंद करावे. बेअरिंगमधला तेलाचा थर तुटला की धातूवर धातू घासतो आणि क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) थोड्या वेळातच निकामी होऊ शकतो. अशी गाडी ‘हळूहळू’ चालवत गॅरेजपर्यंत नेण्याचा मोह टाळावा आणि ती टो करूनच न्यावी.

तसे काही नसेल, तर गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिकवर तेलाची पातळी पाहावी आणि बिलावर लिहिलेला तेलाचा ग्रेड गाडीच्या पुस्तिकेतल्या ग्रेडशी ताडून घ्यावा. जॉब कार्ड, म्हणजे गॅरेजने केलेल्या कामांची नोंदही नीट वाचावी. हेड (सिलिंडरांवरचा झाकणासारखा भाग) उतरवले होते, टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा) बदलला होता की फक्त क्लचचे काम झाले होते, यावर पुढची सगळी दिशा ठरते.

यानंतर इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो रात्रभर गाडी उभी राहिल्यावर, ते सुरू करून ऐकावे. हे काम मोकळ्या हवेतच करावे, कारण बंद गॅरेजमध्ये साचणारा कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतू शकतो. दुरुस्तीत तेल काढलेले असल्यामुळे हायड्रॉलिक टॅपेटमध्ये (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांत) हवा अडकते आणि सुरुवातीची काही मिनिटे वरच्या बाजूने टकटक येते. ती आपोआप थांबली तर चिंतेचे कारण नाही, पण इंजिन चांगले तापल्यावरही टिकून राहिली तर आहे.

सर्वांत जास्त फसगत होते ती थंडपणी येणाऱ्या आणि तापल्यावर कमी होणाऱ्या आवाजात. सिलिंडरमध्ये सैल बसलेला पिस्टन असे वागतो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधली, म्हणजे जोडावरच्या पातळ चकतीतली, गळतीही अगदी असेच वागते, कारण धातू तापून प्रसरण पावला की फट मिटते. हेडच्या कामात मॅनिफोल्डची जोडणी सोडवावीच लागते, म्हणून माझ्या मते आधी गळतीचाच संशय घ्यावा. इंजिन थंड व बंद असताना टॉर्चच्या उजेडात गॅस्केटची कड पाहावी: गळती असेल तिथे काजळीची काळी रेघ उमटलेली असते. ही रेघ सापडली, तर पिस्टनसाठी इंजिन पुन्हा उघडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

जागा नेमकी हेरण्यासाठी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या स्थिर भागावर टेकवावे आणि मूठ कानापुढच्या हाडाला लावावी. सैल कपडे, ओढणी, मोकळे केस पट्ट्यांपासून दूर ठेवावेत. रेडिएटरचा विजेचा पंखा न सांगता सुरू होतो, याचेही भान ठेवावे. इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची बारीक टिकटिक नैसर्गिक असते, त्यामुळे एकाच इंजेक्टरवर थांबू नये, सगळ्यांची तुलना करावी.

घरघर किंवा किंचाळल्यासारखा आवाज पुढच्या बाजूने येत असेल, तर इंजिन बंद करून अल्टरनेटरचा बाहेरचा पट्टा काढावा आणि इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवावे. आवाज गेला, तर दोष त्या पट्ट्यात किंवा तो फिरवत असलेल्या अल्टरनेटर, टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग), पुली यांपैकी कशात तरी आहे. वॉटर पंपही अनेकदा याच पट्ट्यावर चालतो, म्हणून वेळ वाढवू नये. टायमिंग बेल्टला मात्र मुळीच हात लावू नये. अनेक इंजिनांत तो सरकला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

क्लचचे काम झाले असेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पेडल दाबावे. दाबताच येणारी घरघर सहसा रिलीज बेअरिंगची (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगची) असते. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्स उतरवला असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागाचे) ढिले बोल्ट बेअरिंगच्या ठोक्यांची हुबेहूब नक्कल करतात. इंजिनावर ठपका ठेवण्यापूर्वी ते तपासून घ्यावेत.

एवढे झाल्यावर मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण आणि आवाज केव्हा येतो, कशाने वाढतो, याची टिपणे घेऊन मेकॅनिककडे जावे आणि त्याला शेजारी बसवून गाडी चालवावी. दुरुस्तीची हमी चालू असेल, तर स्वतः काहीही उघडू नये. तळाच्या ठोक्यांबद्दल शंका उरलीच, तर ऑइल फिल्टर आपल्यासमोर कापून दाखवायला सांगावा. नव्याने बांधलेल्या इंजिनात थोडी बारीक भुकटी निघू शकते. पण फिल्टरच्या कागदाच्या घडीत डोळ्यांना दिसतील असे धातूचे चकचकीत पापुद्रे अडकलेले आढळले, तर सम्प (इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे) उतरवून बेअरिंग तपासेपर्यंत इंजिन पुन्हा सुरू करू देऊ नये.