नव्या वॉर्डातील पहिली ड्यूटी: कंत्राटी व बदली आरोग्य कर्मचाऱ्यांनी आगीच्या वेळी काय करावे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील रुग्णालयांत रात्रपाळीला उभ्या असणाऱ्यांमध्ये कंत्राटी परिचारिका, ठेकेदारामार्फत आलेले वॉर्डबॉय आणि मावशी, प्रशिक्षणार्थी विद्यार्थी आणि दुसऱ्या वॉर्डातून एका पाळीपुरते बदलीवर आलेले ब्रदर (पुरुष परिचारक) नेहमीच दिसतात. त्यांना रुग्णसेवेचे काम येत असते, पण इमारत त्यांना नवी असते. मागचा जिना कुठे उतरतो, रात्री कोणत्या दाराला कुलूप लागते, अग्निशामक सिलिंडर नेमके कोणत्या भिंतीवर आहे, हे कायम कर्मचाऱ्याला सवयीने माहीत असते. नव्या माणसाला ते कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही आणि ओव्हर घेण्याच्या, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती व जबाबदारी घेण्याच्या, गडबडीत ते सांगायचे राहून जाते. ही उणीव पाळीच्या पहिल्या दहा मिनिटांत कशी भरून काढावी आणि प्रत्यक्ष आग लागल्यास कोणत्या क्रमाने काम करावे, हे येथे मांडले आहे.

ओव्हर घेण्याआधीची दहा मिनिटे

रुग्णांची माहिती घेण्यापूर्वी, किंवा ती घेताघेता, वॉर्डातून एकदा चालत फेरी मारावी. नकाशा पाहून भागत नाही, कारण नकाशात दाखवलेला बाहेर पडण्याचा मार्ग प्रत्यक्षात मोडक्या खाटांनी किंवा सलाइनच्या खोक्यांनी अडलेला असू शकतो. माझ्या उमेदवारीच्या काळात एका रुग्णालयात रात्री एक्स्टेंशन बोर्ड पेटला. आग किरकोळ होती, पण धूर भरू लागल्यावर आम्ही मागच्या दाराकडे धावलो, तेव्हा त्या दारामागे जुन्या गाद्यांचा ढीग रचलेला निघाला. तेव्हापासून कोणत्याही नव्या वॉर्डात गेले की मी ते दार स्वतःच्या हाताने उघडून, दोन पावले बाहेर जाऊन पाहते. आपणही तसेच करावे. सरकत्या जाळीच्या दाराला रात्री कुलूप लागत असेल, तर किल्ली कोणाकडे असते हे विचारावे, आणि ती पहारेकऱ्याच्या खिशात असेल तर वॉर्डातही एक किल्ली ठेवावी असा आग्रह इन्चार्ज सिस्टरकडे धरावा. हा आग्रह धरण्याचा अधिकार कंत्राटी कर्मचाऱ्यालाही आहे.

फेरीत आणखी चार गोष्टी डोळ्यांखालून घालाव्यात. अग्निशामक सिलिंडर कुठे आहे, त्याच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि सील शाबूत आहे का, हे पाहावे. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) सिलिंडरला असा काटा नसतो, तेथे सील आणि तपासणीच्या चिठ्ठीवरील तारीख पाहावी. धोक्याची घंटा वाजवण्याचे बटण, वॉर्डाचा विद्युत मेन स्विच आणि पाइपमधून येणाऱ्या ऑक्सिजनची झडप कुठे आहे, हे लक्षात ठेवावे. आपल्या वॉर्डाला लागून, दाराने वेगळा होणारा सुरक्षित भाग कोणता, हेही ठरवून घ्यावे. शेवटी, स्वतःच्या बळावर चालू शकणारे, व्हीलचेअर लागणारे आणि खाटेवरून उचलूनच न्यावे लागणारे रुग्ण किती आहेत, याची मोजणी कागदावर लिहून तो कागद खिशात ठेवावा.

खान्देशातील उन्हाळ्यात ही फेरी अधिक काळजीने मारावी लागते. जळगाव आणि भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा वातानुकूलन यंत्रे चोवीस तास चालतात, वॉर्डात नातेवाइकांनी आणलेले कूलर येतात आणि एकाच बोर्डावर कूलर, सक्शन मशीन व तीन मोबाइल चार्जर लटकतात. गरम झालेला प्लग, जळक्या प्लास्टिकचा वास किंवा लुकलुकणारा दिवा आढळल्यास ती बाब सकाळवर न टाकता लगेच कळवावी आणि कोणत्या वेळी कोणाला कळवली हे नोंदवहीत लिहावे.

ऑक्सिजनविषयी

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, परंतु तो जळण्याचा वेग भयंकर वाढवतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण 21 टक्के असते आणि ते थोडेसे जरी वाढले तरी चादर, केस, गादी यांसारख्या वस्तू सहज पेट घेतात व झपाट्याने जळतात. रुग्णाचा मास्क काढला असेल तर प्रवाह बंद करावा. सुरू मास्क उशीवर पडून राहिला की तीच चादर ऑक्सिजनने भिजत असते. सिलिंडरच्या झडपेला तेल किंवा ग्रीस लावू नये आणि तेलकट हाताने ती उघडू नये. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर हाताला लावल्यावर तो पूर्ण वाळेपर्यंत विद्युत उपकरणाला हात लावू नये.

आग लागल्यास ज्या खाटेजवळ ज्वाळा आहेत तेथील ऑक्सिजनचा प्रवाह तत्काळ बंद करावा. संपूर्ण वॉर्डाची झडप मात्र नव्या कर्मचाऱ्याने परस्पर बंद करू नये, कारण त्याच वाहिनीवर इतर रुग्णांचा श्वास अवलंबून असतो. त्यांना ऑक्सिजनचे सुटे सिलिंडर किंवा अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) लावून झाल्यावर, इन्चार्ज सिस्टरच्या किंवा ड्यूटीवरील डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच ती बंद केली जावी.

आग दिसल्यावरचा क्रम

पहिले काम ज्वाळांच्या किंवा धुराच्या अगदी जवळ असलेल्या रुग्णाला बाजूला काढणे हे आहे. त्याच वेळी मोठ्याने ओरडून सहकाऱ्यांना सावध करावे आणि घंटा वाजवावी. अनेक नवे कर्मचारी येथेच अडखळतात. आपली चूक निघाली तर ठेकेदार काढून टाकेल, आधी सिस्टरला विचारून येऊ, असा विचार करण्यात जी दोन मिनिटे जातात, ती पुढे कोणालाही भरून काढता येत नाहीत. घंटा वाजवण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नसते, आणि चुकून वाजलेल्या घंटेसाठी कोणाला बोल लावला जाऊ नये, हे रुग्णालय प्रशासनानेही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवे.

त्यानंतर 101 किंवा 112 या क्रमांकावर फोन करावा. रुग्णालयाचे नाव, गाव व तालुका, मजला, वॉर्ड, काय जळत आहे, अंदाजे किती रुग्ण अडकले आहेत आणि बंब कोणत्या फाटकातून आत येऊ शकेल, हे शांतपणे सांगावे आणि समोरच्याने फोन ठेवेपर्यंत आपण ठेवू नये. सातपुड्याच्या पायथ्यापलीकडील एखाद्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत बंबाला घाटरस्त्याने यावे लागत असेल, तर मदत पोहोचेपर्यंतचा बराच वेळ वॉर्डातील माणसांनाच निभावून न्यावा लागतो, हे धरूनच तयारी ठेवावी.

तिसरे काम दारे बंद करण्याचे आहे. आग लागलेल्या खोलीतून शेवटचा माणूस बाहेर पडला की दार ओढून घ्यावे, पण कुलूप लावू नये. बंद दार धूर अडवते आणि शेजारच्या भागाला काही मौल्यवान मिनिटे मिळवून देते. रुग्णालयातील आगीत माणसे बहुधा ज्वाळांपेक्षा धुराने दगावतात. 9 डिसेंबर 2011 रोजी कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात तळघरात लागलेल्या आगीचा धूर वरच्या मजल्यांवर पसरला आणि सुमारे 90 जणांचा जीव गेला. त्यांतील बहुतेक जण गुदमरून मृत्युमुखी पडले.

आग लहान असेल, आपली पाठ बाहेर पडण्याच्या दाराकडे असेल आणि रुग्ण हलवण्यासाठी दुसरे कोणी उपलब्ध असेल, तरच अग्निशामक सिलिंडर हाती घ्यावा. पिन ओढावी, नळी आगीच्या बुडाशी रोखावी, दांडा दाबावा आणि डावी-उजवीकडे झाडल्यासारखा फवारा मारावा. विद्युत उपकरणासाठी सीओटू सर्वांत योग्य असतो, पण त्याचा भोंगा, म्हणजे वायू बाहेर पडणारे नरसाळ्यासारखे टोक, गोठवणाऱ्या थंडीने हाताला इजा करतो, म्हणून तो पकडू नये. वॉर्डातील नेहमीचा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होतो. तेवढ्यात आग विझली नाही तर तेथून निघावे. चालू विद्युत उपकरणावर पाणी टाकू नये. कापसाच्या गादीबाबत मात्र आपल्या भागातील माणसाला वेगळे सांगावे लागू नये. जिनिंगमधील कापसाचा ढीग वरून विझला तरी आत धुमसत राहतो, तशीच गादीही पावडर मारल्यावर शांत दिसते आणि काही वेळाने पुन्हा पेटते. म्हणून वीज बंद केल्यावर ती बाहेर मोकळ्या जागेत ओढून नेऊन पाण्याने पूर्ण भिजवावी.

रुग्ण हलवणे

सर्वांना एकदम जिन्यावरून खाली नेण्याची घाई करू नये. प्रथम त्याच मजल्यावर, धूर अडवणाऱ्या दारापलीकडच्या भागात न्यावे आणि तो भागही धोक्यात आला तरच खालच्या मजल्यावर उतरवावे. लिफ्ट वापरू नये. आगीजवळचे रुग्ण काढल्यानंतर चालू शकणाऱ्यांना एका कर्मचाऱ्याबरोबर रांगेने पाठवावे, मग व्हीलचेअरवरील आणि शेवटी खाटेवरचे रुग्ण न्यावेत. खाटेवरील रुग्णाला एकट्यानेही नेता येते. खाट पूर्ण खाली करून त्याला चादरीसह जमिनीवर उतरवावे, चादर डोक्याच्या बाजूने गुंडाळून घट्ट धरावी आणि डोके पुढे ठेवून ओढत न्यावे. धूर असेल तर आपणही वाकून चालावे, कारण श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत असते. बंद दार उघडण्यापूर्वी हाताची मागची बाजू लावून पाहावी आणि दार तापलेले असेल तर ते उघडू नये.

आपल्याकडे एका रुग्णाबरोबर गावाकडचे दोन-तीन नातेवाईक असतात आणि रात्री ते व्हरांड्यातच झोपतात. गोंधळ झाला तर हीच माणसे मार्ग अडवतात, पण नेमके काम दिले तर तीच मोठी मदत ठरतात. धडधाकट दोघांकडे बोट दाखवून, “तुम्ही दोघे ही चादर धरा,” असे स्पष्ट सांगावे. सूचना रुग्णाच्या बोलीत दिली तर ती लगेच पोहोचते. “घाबरू नका, मनासंगे चाला,” हे अहिराणीतील एवढेसे वाक्यही घाबरलेल्या म्हातारीला उठवायला पुरते. नंदुरबारच्या रुग्णालयांत भिल्ली किंवा पावरी बोलणारा सहकारी पाळीत कोण आहे, हे आधीच माहीत असावे. गाठोडे किंवा पिशवी आणायला परत कोणालाही जाऊ देऊ नये.

नवजात अर्भकांच्या कक्षात ड्यूटी असेल तर सगळी जबाबदारी आपल्या हातांवर असते. 9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या अशाच कक्षात मध्यरात्रीनंतर आग लागून 10 बालके दगावली आणि 7 वाचवता आली, ही गोष्ट त्या कक्षात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावी. कक्ष थोडा वेळही कर्मचाऱ्याविना राहू देऊ नये. बालकांना घेऊन निघताना मनगटावरील किंवा पायावरील ओळखपट्टी सुटू देऊ नये आणि बाहेर आल्यावर त्यांना ऊब द्यावी. आई उपलब्ध असेल तर तिच्या छातीशी धरणे हा सर्वांत चांगला उपाय आहे.

एकत्र जमण्याच्या ठिकाणी

भरतीची नोंदवही किंवा केसपेपर हाती असेल तर सोबत आणावा, पण त्यासाठी मागे फिरू नये. जमलेल्या रुग्णांची नावे घेऊन मोजणी करावी आणि ती खिशातील कागदाशी ताडून पाहावी. नातेवाईक घाबरून रुग्णाला परस्पर घरी किंवा दुसऱ्या दवाखान्यात घेऊन जातात आणि अग्निशमन दलाचे जवान मात्र त्याला धुरात शोधत राहतात, असे होऊ नये म्हणून फाटकावर एकाला उभे करून जाणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. कोणी आत राहिल्याचा संशय असेल तर स्वतः न जाता, शेवटचे कुठे पाहिले ते अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याला नेमके सांगावे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार रुग्णालयातील यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. ही जबाबदारी व्यवस्थापनाची आहे, पण सराव कधी आहे आणि त्यात कंत्राटी कर्मचाऱ्यांना घेतले जाते का, हे आपण विचारावे आणि आपल्या पाळीत सराव नसेल तर तो रात्रपाळीतही घेण्याची मागणी लेखी द्यावी.

घटना संपल्यावर त्याच पाळीत, आठवण ताजी असताना, प्रथम काय दिसले, किती वाजता दिसले आणि कोणाला सांगितले, एवढे स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावे. एकदा दांडा दाबलेला सिलिंडर, त्यातून थोडीच पावडर निघालेली असली तरी, पुन्हा खुंटीला लावू नये. तो भरण्यासाठी वेगळा काढून त्याच्या जागी त्याच पाळीत दुसरा मागून घ्यावा.