तारखेला सोबत कोण जाणार?

सोलापुरात एसटीच्या आरक्षण खिडकीवर माझी 29 वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर, घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी एका स्थानिक संस्थेने चालवलेल्या समुपदेशन केंद्रात दर मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊ लागले. दिवाळी जवळ आली की ओळखीच्या बायका विचारतात, "अक्का, तुमच्या केंद्रातल्या बायकांना साड्या देऊ का?" मनापासून विचारतात, त्यामुळे नाही म्हणवत नाही. पण साड्यांनी आमचं कपाट भरलेलं आहे आणि कोर्टाच्या तारखेला सोबत जायला माणूस मिळत नाही. ज्यांना खरंच हातभार लावायचा आहे, त्यांच्यासाठी मी जे शिकले ते लिहिते आहे. बायकांचे तपशील बदलले आहेत.

पहिल्यांदा आलेली बाई

ती आली की पाणी द्या आणि विचारा, "किती वाजेपर्यंत परत जायला हवं?" हा प्रश्न सगळ्यात आधी. आमच्याकडे विडी वळणाऱ्या बायका पुष्कळ येतात. वळलेल्या विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या आणि नवी पानं-तंबाखू घेऊन घरी यायचं, एवढाच वेळ त्यांना एकटीला घराबाहेर मिळतो. म्हणून आम्ही केंद्राची वेळ त्यांच्या वेळेशी जुळवून घेतली. तुमच्या गावात ती वेळ दळणाची असेल, शाळा सुटायची असेल किंवा बाजाराची. ती शोधून काढा.

मग ऐका. "एवढी वर्षं का सहन केलंस?" हे विचारायचं नाही. "माझ्या नणंदेचंही असंच होतं" हेही नको. एक बाई मांडीवर पानांची पिशवी घेऊन अर्धा तास फक्त विड्यांबद्दल बोलत होती. पान यंदा कसं कोरडं येतंय, मोजणाऱ्याने किती विड्या बाजूला काढल्या. मी मध्ये बोलले नाही. पिशवीचा बंद तिने बोटाला इतका घट्ट गुंडाळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. आणि एकदम विचारलं, "अक्का, घर सासऱ्याच्या नावावर असलं तर मला हाकलता येतं का?"

येत नाही, निदान मनाला येईल तेव्हा नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा 2005 चा कायदा नांदत्या घरात राहण्याचा हक्क देतो, मग घर कोणाच्याही नावावर असो. सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरातही सून हा हक्क मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. हे एक वाक्य ऐकायला ती अर्धा तास विड्यांबद्दल बोलत बसली होती.

सोलापुरात कितीतरी जणींची घरची भाषा तेलुगू किंवा कानडी असते. दुःख माणूस आपल्या भाषेत सांगतो. या भाषा येत असतील तर संस्थेला आधी तेच सांगा, तुम्ही लाखमोलाच्या आहात. आणि काही झालं तरी तिच्या मुलाला दुभाषी बनवू नका. आईला कुठे कुठे मारलं हे दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून वदवून घेणं फार वाईट.

फोन जपून

माझ्या हातून घडलेली चूक सांगते. एकीची चौकशी करायला मी संध्याकाळी फोन केला. उचलला नवऱ्याने, आणि मी केंद्राचं नाव सांगून मोकळी झाले. ती चार महिने आली नाही. आली तेव्हा पुढचा दात नव्हता. ती मला काही बोलली नाही, उलट "अक्का, तुम्हाला काय माहीत" म्हणाली. ते आजही आठवतं.

तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत विचारून घेते: कोणत्या नंबरवर, किती वाजता फोन करू, दुसऱ्याने उचलला तर मी कोण म्हणून सांगू. बहुतेक वेळा मी शिवणक्लासची बाई असते. तिच्या व्हॉट्सअॅपला दुसरं एखादं यंत्र जोडलेलं आहे का, हे तिच्यासमोर बसून बघा. बँकेच्या खात्याला नंबर कुणाचा आहे तेही बघा. लाडक्या बहिणीचे 1500 रुपये तिच्या नावाने जमा होतात, पण ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातो, अशा किती तरी जणी भेटल्या. शाखेत सोबत जाऊन नंबर बदलून देणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण त्याआधी तिला विचारा. नंबर बदलल्याचं घरी कळलं तर काय होईल, हे तिलाच ठाऊक असतं.

तिला "आजच घर सोड" कधीही सांगू नका. ती निघायच्या बेतात आहे हे नवऱ्याला कळलं की जिवाला धोका वाढतो. गळा दाबला होता का, जिवे मारायची धमकी दिली का, मार अलीकडे वाढलाय का, ती गरोदर आहे का, हे शांतपणे विचारा. गळा दाबला असेल तर मानेवर खूण दिसत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, सूज नंतर येते. उत्तरं ऐकून काळजी वाटली तर एकट्याने निर्णय घेऊ नका, केंद्राच्या समुपदेशक ताईंना लगेच सांगा. प्रसंग ओढवलाच तर पोलिसांसाठी 112 आणि महिला हेल्पलाइन 181 हे दोन आकडे तिला तोंडपाठ करून द्या. जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवस राहता येतं, तिथे वैद्यकीय आणि कायद्याची मदतही मिळते.

कागद आधीच बाहेर काढलेले बरे. आधार, रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, दवाखान्याचे कागद, लग्नपत्रिका किंवा लग्नातला एखादा फोटो. एका वेळी एकच आणायचा, झेरॉक्स काढायची, मूळ कागद परत जागेवर. डाळीच्या डब्यातून, परकराच्या नाडीला बांधून, दप्तरातून असे कागद आमच्याकडे आले आहेत.

तारीख

बहुतेक जणी म्हणतात, "मला त्याला जेलात नाही घालायचं, मार थांबायला पाहिजे." 2005 च्या कायद्याचा उपयोग इथे होतो. या कायद्यासाठी सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेचा अहवाल भरून घेतात, सगळे त्याला डीआयआर म्हणतात. मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. मार थांबवण्याचा, घरात राहू देण्याचा, खर्चाच्या पैशांचा, मुलांच्या ताब्याचा, असे आदेश एकाच अर्जात मागता येतात. ती माहेरी आली असेल तर तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडत नाही: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत लावायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. म्हणून अंतरिम आदेशाचं, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचं, वकिलांना पहिल्याच दिवशी आठवणीने विचारा.

सोबत जाणारीचं काम काय? सकाळी तिला ठरलेल्या जागी भेटायचं, तिच्या दारात जायचं नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर सासरची माणसं आणि ती यांच्या मधोमध बसायचं. ते टक लावून बघतात, खाकरतात, मुलाला जवळ बोलावतात. तेव्हा तुम्ही तिच्याशी साधं काहीतरी बोलत राहा. डबा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा, कारण पुकारा होईल या धास्तीने ती जागची हलत नाही. आत गेल्यावर तिच्या वतीने बोलू नका, ती वाक्य शोधत असली तरी. बाहेर आल्यावर काय झालं ते वकिलांकडून तिला तिच्या भाषेत समजावून घ्या. आदेश झाला तर त्याची प्रत तिला फुकट मिळते, तिची एक झेरॉक्स पर्समध्ये राहू द्या. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "घरातलं भांडण घरात मिटवा" म्हणणाऱ्या एका ठाणे अंमलदारासमोर मी ही प्रत टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. तक्रार लिहून झाल्यावरच उठलो.

व्हरांड्यातच कुणीतरी मामा-काका येऊन "मिटवून टाका" म्हणतात. मिटवायचं की नाही हे ती ठरवेल. तुम्ही एवढंच म्हणा, "तिला विचार करू द्या."

आणि ती परत नांदायला गेली तर? जाते. दोनदा, तीनदा जाते. रागावू नका, "एवढं केलं तुझ्यासाठी" तर कधीच म्हणू नका. "मंगळवारी आणि शुक्रवारी मी असते" एवढं सांगून निरोप द्या.

वस्तूच द्यायच्या असतील तर नवे आतले कपडे, पॅड, मुलांच्या वह्या आणि रिक्षाभाड्यासाठी शंभर-पन्नासच्या नोटा द्या. बदल्यात बाईचा फोटो किंवा तिची कहाणी मागू नका. काम सुरू करण्याआधी संस्थेला विचारा की शिकवणार कोण आणि अडल्यावर मी कुणाशी बोलू. बाईला आपल्या घरी ठेवून घेऊ नका, पत्ताही देऊ नका. त्यात तिलाही धोका आणि तुमच्या घरालाही.

पुढची तारीख कुठे लिहायची, तेही तिच्याशी ठरवा. पानांची पिशवी घेऊन आलेल्या त्या बाईचा कोर्टाचा कागद नवऱ्याने एकदा फाडून चुलीत टाकला. आता ती तारीख विड्यांच्या हिशेबाच्या वहीत, आठवड्याच्या बेरजेखाली लिहिते. त्या वहीवर घरात पैसा येतो, म्हणून तिला कुणी हात लावत नाही. येत्या 14 ची तारीख मी माझ्याकडेही लिहून ठेवली आहे. त्या दिवशी मी गावाला आहे, आणि अजून सोबत कुणी मिळालेलं नाही.