एफआयआरमध्ये १०३ लावलंय, १०५ की १०६? मृत्यूच्या केसमधली कलमं अशी वाचा

घरातलं माणूस मारहाणीत किंवा गाडीखाली गेलं की दोन दिवसांत एफआयआरची कॉपी हातात येते आणि त्यात नुसते आकडे असतात. आरोपी आज संध्याकाळीच घरी जाणार की आत राहणार, हे त्या आकड्यांवर ठरतं, त्यामुळे ते वाचता यायलाच हवेत. (कॉपी फिर्यादीला आणि पीडिताला फुकट मिळते, कोणी पैसे मागितले तर देऊ नका.)

आधी घटनेची तारीख बघा. १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुना आयपीसी (भारतीय दंड संहिता), म्हणजे ३०२, ३०४, ३०४अ. त्या दिवशीची किंवा नंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता, तिथे त्याच क्रमाने १०३ (खुनाची शिक्षा), १०५ (खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाची शिक्षा), १०६ (हयगयीने मृत्यू).

मग बघायचं की मारणाऱ्याच्या डोक्यात काय होतं. माणूस मेला एवढ्यावर खून होत नाही, हद्दीत राहून केलेल्या स्वसंरक्षणात कोणी मेला तर तो गुन्हाच नाही. पण जीव घ्यायचा इरादा असेल, किंवा माणूस मरण्याची शक्यता असलेली जखम करायचा इरादा असेल, किंवा निदान आपण करतोय त्याने कोणीतरी मरू शकतं हे माहीत असेल, तर कलम १०० चा सदोष मनुष्यवध. खून हा त्यातलाच सगळ्यात गंभीर प्रकार, कलम १०१.

दोघांतली रेघ बारीक आहे. १८७६ सालची मुंबई हायकोर्टाची गोविंदा केस आजही शिकवतात. त्याने बायकोला खाली पाडलं, छातीवर गुडघा ठेवला, तोंडावर दोन-तीन जोरदार बुक्के मारले, मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. जस्टिस मेलव्हिल यांनी खून धरला नाही, कारण मारायचा इरादा दिसत नव्हता आणि बुक्क्यांची जखम सर्वसाधारणपणे मरण येण्याइतकी नव्हती. म्हणून पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट आला की हेच शोधा, डॉक्टरने जखम 'नैसर्गिक क्रमात मृत्यूला पुरेशी' म्हटलीय का. त्या एका ओळीवर केस इकडची तिकडे होते.

खून दिसत असला तरी पाच अपवाद आहेत, त्यात बसलं की १०३ चं १०५ होतं. अचानक भांडण, स्वसंरक्षणात हद्द ओलांडणं वगैरे. सगळ्यात जास्त घेतला जाणारा बचाव म्हणजे 'रागाच्या भरात झालं'. पण राग गंभीर आणि अचानक चिथावणीचा लागतो आणि तो शांत व्हायला वेळ मिळालेला नसावा. नौदल अधिकारी नानावटींच्या केसमध्ये (१९५९, मुंबई) नेमकं हेच फसलं. बायकोने आहुजाशी असलेल्या प्रेमसंबंधाची कबुली दिल्यावर त्यांनी बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतलं, मग आहुजाच्या घरी गेले, मध्ये जवळपास तीन तास. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने खूनच धरला. तेव्हा जबाब देताना भांडण कधी झालं, आरोपी मध्ये कुठे गेला, हत्यार कुठून आणलं हे वेळेसकट सांगा.

आता गाडीच्या केसेस, आणि इथेच लोकांवर सगळ्यात जास्त अन्याय होतो असं मला वाटतं. १०६(१) म्हणजे हयगयीने मृत्यू, जास्तीत जास्त ५ वर्षं आणि जामीनपात्र, म्हणून ड्रायव्हर लगेच सुटतो. १०५ अजामीनपात्र आहे, जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतं. पण प्रत्येक अपघाताला १०५ लागत नाही, धोक्याची जाणीव होती हे पुराव्यात यावं लागतं. २००६ च्या कार्टर रोडच्या केसमध्ये दारू पिऊन गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली, ७ जण गेले. खालच्या कोर्टाने नुसती हयगय धरून ६ महिने दिले, मुंबई हायकोर्टाने सदोष मनुष्यवध धरून ३ वर्षं केली आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. म्हणून दारूची टेस्ट झाली का, ब्लड सॅम्पल कधी घेतलं, सीसीटीव्ही जप्त झालं का, हे पहिल्याच दिवशी विचारा, उशीर झाला की दारू रक्तातून जाते आणि फुटेज पुसलं जातं.

सुरुवातीला नुसती 'अकस्मात मृत्यू' नोंद असली किंवा हलकं कलम लागलं असलं तरी तपासात कलम वाढवता येतं. चार्जशीट आली की एफआयआरशी ताडून बघा आणि कलम कमी झालं असेल तर सरकारी वकिलांना लेखी द्या, कारण निकाल लागेपर्यंत कोर्टाला चार्ज बदलता येतो.