एकट्याने किनाऱ्याने फिरायचंय? मग होडी साधीच घ्या

आपल्या खान्देशात समुद्र नाही, तरी कोणी ना कोणी विचारतंच की भाऊ, कोकण किनाऱ्याने एकट्याने शिडाच्या होडीत फिरायचं तर कोणती घ्यायची. माझं उत्तर ठरलेलं आहे. १२ ते १५ फुटी, एका शिडाची, आणि रेतीवर एकट्याला ओढता येईल एवढीच.

कारण साधं आहे, एक हात सुकाणूवर, दुसरा शिडाच्या दोरीवर, तिसरा हात नाहीच. माझी पहिली होडी दोन शिडांची होती, तारा, पुल्या, सतरा दोऱ्या. हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला दुपारी वारा वाढला तर पुढचं शीड खालीच येईना, दोरी पुलीत अडकलेली, ती सोडवायला पुढे सरकलो तोवर सुकाणू मोकळं आणि होडी आडवी फिरली, अर्धा फूट पाणी आत. त्याच हिवाळ्यात विकून टाकली.

आता चौकोनी लग शीड आहे. वर एक आडवी काठी, चढवायला-उतरवायला एकच दोरी, ती सोडली की शीड धपकन खाली. डोलकाठीला तारा नाहीत, नुसती भोकात उभी करायची. शीड लहान करायच्या बांधण्या मात्र डोळे मिटून बांधता आल्या पाहिजेत, आणि त्या वारा वाढायच्या आधी बांधायच्या, वाढल्यावर नाही. बाकी दोन वल्ही, चार-पाच किलोचा नांगर, त्याला दोन-तीन मीटर साखळी आणि पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी दोर. इंजिन नसलं तरी चालतं, वल्ही नसली तर नाही.

शिकायचं इथेच. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाजवळ हिवाळ्यात पाणी शांत असतं, आधी परवानगीचं विचारून घ्या, लाइफ जॅकेट घालून काठाजवळ मुद्दाम होडी उलटवा, सरळ करा, पाणी उपसा, परत चढा. दहा वेळा. काठावर कोणीतरी ओळखीचं बसलेलं पाहिजे. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हा तिकडे जायचंच नाही.

मग समुद्र. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते ना, तेच तिथे जगायचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे जमिनीकडून हलका वारा असतो, पाणी बऱ्यापैकी सपाट, तेव्हाच निघायचं. दुपारी वायव्येचा वारा जोर धरतो म्हणून प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवायचा, आणि तो फार वाढायच्या आत खाडीत शिरायचं. दिवसाला १५-२० किलोमीटर खूप झाले, एवढ्या होडीला घाई झेपत नाही आणि एकट्या माणसाला तर अजिबातच नाही.

खाडीच्या तोंडाशी जीव सांभाळा. ओहोटीचं पाणी बाहेर येतं, वारा आत येतो, आणि दोन्ही भिडतात तिथे लाटा उभ्या राहतात. भरतीबरोबरच आत जा. पहिली ट्रिप अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत ठेवा, तेव्हा पाण्याची ओढ कमी असते, अमावस्या-पौर्णिमेचं उधाण नंतर बघू. कुठे जाळी लावलीत, कुठे खडक आहे हे तिथल्या कोळी दादांना विचारायचं, ते जाऊ नको म्हणाले तर त्या दिवशी होडी रेतीवरच राहू द्यायची.

दिवसाला चार लिटर पाणी, फोन वॉटरप्रूफ पिशवीत, त्यात कोस्ट गार्डचा १५५४ नंबर सेव्ह केलेला. आणि घरी रोज एकाच वेळेला फोन, म्हणजे तो आला नाही की कधी काळजी करायची हे त्यांना कळतं.