प्लेट मार्किंग आणि फिटअप: या चुका टाळा

मार्किंग म्हणजे प्लेटवर रेषा-खुणा करणं, फिटअप म्हणजे वेल्डिंगआधी तुकडे जागेवर बसवणं. जहाजाच्या कामात गडबड उघडी पडते वेल्डिंगच्या वेळी, पण बहुतेक वेळा ती झालेली असते मार्किंग करताना. प्लेट आडवी असेपर्यंत चुकीची रेष फडक्याने पुसता येते. ब्लॉक (जहाजाचा जोडून तयार केलेला मोठा भाग) उभा राहिला की तीच चूक गाउजिंग करून, म्हणजे वेल्ड वितळवून खरवडून, काढावी लागते.

जाडी कुठल्या बाजूला, हे न लिहिणं

सगळ्यात जास्त राग मला या चुकीचा येतो. ड्रॉइंगमधली फ्रेमची (जहाजाच्या बरगडीची) रेष ही मोल्डेड लाइन, म्हणजे मापाची मूळ रेष असते. रेषेला जाडी नसते, प्लेटला असते. ती जाडी रेषेच्या पुढे धरायची की मागे, हे ड्रॉइंगमध्ये दिलेलं असतं. पण नवीन मुलगा रेष मारतो, पंच करतो (पंचाने ठिपके ठोकतो) आणि पुढच्या प्लेटकडे पळतो. मग दुसऱ्या पाळीतला फिटर स्वतःच्या सोयीने बाजू ठरवतो.

एका यार्डात डबल बॉटमच्या (दुहेरी तळाच्या) ब्लॉकवर हेच झालं. टँक टॉपखालचे (दुहेरी तळाच्या वरच्या प्लेटीखालचे) फ्लोअर, म्हणजे तळातल्या उभ्या प्लेटी, १२ मिमीचे, जाडी रेषेच्या मागे. वर बल्कहेड (जहाजाच्या आतली उभी भिंत) बसवणाऱ्या टोळीने रेष तीच धरली, पण जाडी घेतली पुढे. मध्ये टँक टॉप, त्यामुळे खालचं वरून दिसत नाही. दोन्ही टोळ्यांची मापं रेषेशी तंतोतंत जुळत होती. मॅनहोलमधून आत उतरून फ्लोअरचं माप घेतलं, तेव्हा कळलं की वरची आणि खालची प्लेट समोरासमोर येतच नाहीत. ताकदीच्या अशा जोडात आयएसीएसच्या (जहाज वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) शिफारस क्र. ४७ प्रमाणे जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत फरक चालतो, म्हणजे १२ मिमीला ४ मिमी. इथे पूर्ण १२ मिमी होता. बल्कहेडचा खालचा जोड सगळा कापला, घासला, पुन्हा बसवला. तेवढ्या उष्णतेने टँक टॉपला लाटा आल्या आणि त्या सरळ करण्याचं काम वेगळं निघालं. हे सगळं टाळायला खडूच्या चार फुल्या पुरल्या असत्या.

माझी सवय अशी: रेष मारली की हात न उचलता जाडीच्या बाजूला फुल्या, दर हातभर अंतरावर. फ्रेम नंबर आणि जाडी रंगाने लिहायची, कारण सोपस्टोनची (मऊ दगडी खडूची) अक्षरं बुटांखाली पुसली जातात. शिवाय १०० मिमीवर समांतर रेष मारून तिच्यावर पंच. तुकडा उभा राहिला की मूळ रेष त्याच्याखाली झाकली जाते. तपासायला ही दुसरी रेषच हाताशी उरते.

डावं-उजवं

एकाच टेम्पलेटवरून पोर्ट आणि स्टारबोर्डचे ब्रॅकेट काढताना टेम्पलेट उलटायचं राहतं. टेम्पलेटच्या दोन्ही तोंडांवर बाजूचं नाव लिहा.

मागच्या खुणेपासून पुढची खूण

फ्रेमचं अंतर ७०० मिमी असेल तर टेप एकदाच लावून ७००, १४००, २१०० अशा खुणा करा. दर वेळी टेप उचललात आणि तो एकाच बाजूला अर्धा मिमी सरकत गेला, तर विसाव्या फ्रेमला १० मिमी गेले.

छोट्या गुण्यावर मोठा काटकोन

३०० मिमीच्या गुण्यात अर्ध्या मिमीची खोट असली, तर ६ मीटरवर ती १० मिमी होते. मोठ्या प्लेटला ६-८-१० मीटरचा त्रिकोण लावा आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजा. कर्ण न मोजता पंच करणाऱ्याच्या हातातून मी पंच काढून घेतो.

उन्हातलं माप

१० मीटर पोलाद २५ अंशांनी तापलं की साधारण ३ मिमी वाढतं. सावलीतला टेप तापलेल्या प्लेटवर टाकून लगेच वाचू नका. थोडा वेळ तसाच पसरून ठेवा. एक बाजू सकाळी आणि दुसरी भर दुपारी मोजायची, हे तर नकोच.

रोलच्या प्लेटला बाहेरचा व्यास

गोल वळवायच्या प्लेटची लांबी काढताना मधला, म्हणजे जाडीच्या मध्यावरचा, व्यास घ्या. बाहेरचा घेतलात तर १० मिमी जाडीची प्लेट पूर्ण गोलाला ३१ मिमी जास्त लांब निघते.

कटिंगची फट विसरणं

कापताना ज्योत थोडं पोलाद खाते, ती ही फट. म्हणून गॅसची ज्योत टाकाऊ बाजूला चालवा. कापून झाल्यावर कडेवर पंचाचा अर्धा ठिपका दिसला पाहिजे.

ओढून बसवणं

तुकडा बसत नाही म्हटलं की घाई असलेला फिटर डॉग (ओढून धरायला तात्पुरता लावलेला तुकडा) लावतो, पाचर ठोकतो, जॅक घालतो आणि टॅक (छोटे तात्पुरते वेल्ड) मारून मोकळा होतो. एखाद-दोन मिमी सरळ करायला पाचर हवीच. पण जबरदस्तीने ओढलेला जोड तो ताण आत घेऊनच बसतो. वेल्ड थंड होताना आकसतं, त्यात हा ताण मिळतो आणि टॅक तडकतात. काही जण मोठ्या फटीत सळई भरून वरून वेल्ड करतात. ते मी कुठल्याही कारणाने चालवून घेत नाही. सळईच्या मागे रूटपर्यंत (जोडाच्या तळापर्यंत) वेल्ड पोचतच नाही. तुकडा बाहेर काढा, १०० च्या रेषेपासून दोन्ही टोकं आणि मध्य मोजा, अडतंय तिथेच घासा. मग मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने टॅक करत जा, आणि प्रत्येक टॅकनंतर रेषेवरचं माप पुन्हा बघा.